रामघाटावरच्या तेरा ओंजळी

आमच्या हर्णैहून काशीला जातात ती म्हातारी माणसं, आणि परत आली की गंगेचा गडू देव्हाऱ्यात ठेवतात. मी तिशीच्या आत जाऊन आलो आणि गडूही आणला नाही. त्यामुळे जो भेटतो तो विचारतो, "मग गेला होतास कशाला रे, भिकू?" वाचनालयाचे मास्तर म्हणाले, प्रत्येकाला तोंडाने सांगत बसण्यापेक्षा एकदा लिहून काढ. माझी शाळा तिसरीत सुटली. वडिलांच्या होडीवर माणूस कमी पडत होता. पुढे जे काही लिहिता-वाचता आलं ते सरकारी जहाजावर, माधव नावाच्या एका सोबत्यामुळे. त्याच्याच घरी मी गेलो होतो. तेव्हा या लिखाणातल्या चुका माझ्या आणि अक्षर त्याचं, असं समजून वाचावं.

मोगलसरायनंतरचा पूल

आगगाडीचे दोन दिवस सांगण्यासारखे नाहीत. लढाई संपल्यानंतरची पहिली थंडी होती आणि माझ्याजवळ एक घोंगडी, एक ट्रंक आणि एक गोणी होती. गोणीत आमच्या परसातले सात नारळ आणि आईने बांधून दिलेली आमसुलं. एका तिकीटबाबूने गोणीवर बुटाने टकटक करून विचारलं, यात काय आहे. मी नारळ म्हटलं, तर त्याला खरं वाटेना. उघडून दाखवले तेव्हा एक नारळ कानाशी हलवून पाणी वाजवून बघितलं आणि हसून परत ठेवला. त्या बाजूला नारळ देवाच्या कामालाच आणतात. आमच्यासारखं रोजच्या कालवणात कोणी घालत नाही.

मोगलसराय सोडल्यावर पूल लागतो. डब्यातली सगळी माणसं उठून उभी राहिली आणि हात जोडले. मीही जोडले, पण नजर सवयीने पाण्याकडे. भरती नाही, ओहोटी नाही, खारा वास नाही. काशीला नदी वळून उत्तरेकडे वाहते आणि तिच्या एका काठावर दगडी घाट, दुसऱ्या काठावर नुसती वाळू. समुद्रावर वाढलेल्या माणसाला ते पाणी फार शांत वाटतं. मला त्या शांततेची भीतीच वाटली. मी जे सांगायला निघालो होतो ते इतक्या शांत ठिकाणी कसं सांगायचं, असं मनात आलं.

रामघाट

माधवच्या वडिलांना मी कार्ड टाकलं होतं. "माधवचा सोबती. येतो आहे." एवढंच. जास्त लिहायला हात चालला नव्हता.

रामघाटाच्या गल्ल्या इतक्या अरुंद, की समोरून बैल आला तर माणसाने कुणाच्या तरी दारात शिरायचं. माझ्यासमोर आला तो हलेचना. मी गोणी डोक्यावर धरून एका पायरीवर चढून उभा. वरच्या मजल्यावरून पोरं एका सुरात वेद म्हणत होती, खाली बैल रवंथ करत होता. श्राद्धं करून देणारा एक पंड्या मागून आला, माझ्या गोणीकडे, मग तोंडाकडे बघून म्हणाला, "किसका करना है, भइया? बाप का?" मी नाही म्हटलं. "माँ का?" मी घाईने पुन्हा नाही म्हटलं. "तो फिर आए काहे को?" म्हणून तो चिडून गेला.

तेवढ्यात कोणी तरी बैलाच्या पाठीवर थाप मारली आणि बैल निमूट बाजूला झाला. पंधरा-सोळा वर्षांची मुलगी, हातात भाजीची पिशवी.

"हर्णैचे तुम्हीच ना? दादाचे दोस्त? अहो, इथेच काय खडे राहिलात! बाबा केव्हाचे इंतजार करतायत."

ही यमू, माधवची बहीण. बोलणं मराठी, पण मधे मधे हिंदीचे खडे. चार पिढ्यांपूर्वी हे घराणं रत्नागिरीकडून काशीला आलं. घरात मराठी आहे, पण दाराबाहेर पाऊल टाकलं की भाषा बदलते.

"बैलाला घाबरता आणि लढाई कशी केलीत हो?" तिने विचारलं.

तिने चेष्टेने विचारलं होतं. मी गोणी खांद्यावर घेतली आणि तिच्यामागून चालू लागलो.

माधवच्या वडिलांना सगळी गल्ली गुरुजी म्हणते. खालच्या सोप्यात ते मुलांना वेद शिकवतात. मी गेलो तेव्हा संथा चालू होती. गुरुजी एक ओळ म्हणायचे, मुलं ती दोनदा म्हणायची. एका मुलाचा स्वर कुठे तरी खाली पडला. माझ्या कानाला काहीच कळलं नाही, पण गुरुजींनी हात वर केला आणि सगळे थांबले. ओरडले नाहीत. फक्त ती ओळ पुन्हा, पुन्हा, पुन्हा. तो मुलगा रडकुंडीला आला तरी पुन्हा. त्या घरात चुकीचं वाचणं म्हणजे काय, ते मला तिथेच उमगलं.

मी खारवी. घर कुठल्या जातीचं ते माहीत होतं, म्हणून ओसरीवरच बसलो. कोणी काही बोललं नाही, पण पान ओसरीवरच वाढलं गेलं. मी जेवून पत्रावळ उचलली, जागा सारवली. तक्रार म्हणून लिहीत नाही. तेव्हा तशीच रीत होती आणि काकूंनी, म्हणजे माधवच्या आईने, तीन वेळा भात विचारला होता. आमटी अरहरच्या, म्हणजे आपल्या तुरीच्या डाळीची, आंबटपणा आमचुराचा. मी आमसुलं दिली तेव्हा त्यांनी एक जिभेवर ठेवलं, डोळे मिटले. "सासूबाई सांगायच्या याच्याबद्दल. त्यांनीही चाखलं नव्हतं, त्यांच्या सासूने सांगितलं होतं."

नारळ त्यांनी देवाजवळ ओळीने मांडले. मग दाराच्या आड बसून विचारलं,

"समुद्र केवढा असतो रे, भिकू?"

"गंगेला पलीकडची वाळू दिसते ना, काकू? तशी त्याला पलीकडची बाजूच नाही."

"मग बुडालेला माणूस कुठे लागतो?"

मी म्हटलं, "लागत नाही, काकू."

तेरा

पहाटे गुरुजी घाटावर निघाले. "चल, बघायचं असेल तर," एवढंच म्हणाले. धुकं इतकं, की पाणी पायाला लागल्यावर कळलं. गुरुजी कंबरभर पाण्यात उभे राहून ओंजळीने तिळाचं पाणी सोडू लागले. घरच्या पितरांचं तर्पण झालं. मला वाटलं संपलं. पण ते थांबले, जानवं सारखं केलं आणि पुन्हा ओंजळ भरली. एक, दोन, तीन. मी सवयीने मोजत गेलो. तेरा झाल्या आणि गुरुजी पाण्याबाहेर आले.

तेरा. आमच्या जहाजावर लढाईच्या त्या सकाळी चौदा माणसं गेली. त्यांतला एक माधव.

परत आलो तेव्हा यमू दारात रांगोळी काढत होती. मी तिला त्या तेरा ओंजळींचं विचारलं. तिने रांगोळीची चिमूट हातातच धरली.

"दादाच्या साहेबांच्या ऑफिसातून चिठ्ठी आली होती, अंग्रेजीत. शाळेच्या हेडमास्तरांनी वाचून दाखवली. दादा सिग्नल वाचायचा ना? त्याने सिग्नल ठीक वाचला नाही, म्हणून जहाज गलत बाजूला गेलं, असं लिहिलं होतं. तेरा आणखी माणसं गेली. त्या दिवसापासून बाबा त्या तेराजणांना पाणी देतात. दादाला नाही देत."

"का?"

"म्हणतात, आधी ज्यांचा जीव त्याच्या चुकीने गेला ते. तो मागून. शास्त्रात असं काही नाहीये, बाबांनाही माहीत आहे. आई रोज भांडते. म्हणते, माझा मुलगा प्यासा भटकतोय. देह नाही मिळाला तर गवताचा माणूस करून क्रिया करतात, तेवढं तरी करा म्हणते. बाबा गप्प." तिने माझ्याकडे बघितलं. "दादाने खरंच चूक केली होती का हो?"

मी म्हटलं, मला मंगळागौरीच्या दर्शनाला जायचं आहे. आणि पळालो.

सुक्खूची नाव

मंगळागौरीच्या गल्लीत एका दुकानात गरम कचोरी आणि जिलेबी खाल्ली. मातीच्या कुल्हडातला मलइयो चाखला. नुसता फेस, केशर घातलेला, जिभेवर ठेवला की नाहीसा होतो. चव चांगली असावी. मला काही कळत नव्हतं.

खाली पंचगंगा घाटावर सुक्खू नावाचा मल्लाह आपली नाव सारखी करत होता. नाव सपाट तळाची, आमच्यासारखी बाजूला तोल सावरणारी उलांडी नाही. मी एक वल्हं उचललं तर तो हसला. "अरे भइया, धीरे। ई समुंदर ना है, गंगा मइया हैं।" मी खाऱ्या पाण्यासारखं जोराने वल्हवत होतो आणि नाव गोल फिरत होती. थोड्या वेळाने हात बसला. तोंडाने काही न बोलता हाताला काम असलं की मला बरं वाटतं. तिथे बसून मी ती सकाळ मनात पुन्हा पहिल्यापासून बघितली. ती इथे लिहितो.

आमचं जहाज लहान, तोफ एकच. काम होतं धान्याचे दोन पडाव, म्हणजे मोठ्या मालवाहू होड्या, बंदरात पोचवायचं. लढायचं नाही, पोचवायचं. मी सुकाणूवर होतो, माधव माझ्या डाव्या हाताला दिव्याच्या सिग्नलवर. आमचे कप्तानसाहेब वाईट माणूस नव्हते. मला अक्षर येत नसताना त्यांनी सुकाणूवर घेतलं. वडील गेले तेव्हा रजेसाठी स्वतः वर लिहिलं. त्यांचे उपकार मी अजून मानतो. पण तीन महिन्यांपूर्वी धुक्यात शत्रूचं एक जहाज त्यांच्या हातून निसटलं होतं आणि दुसऱ्या जहाजांवरचे साहेब त्यावरून त्यांना हसत. माधव म्हणायचा, "साहेबांच्या कानात अजून ते हसणं आहे."

त्या सकाळी क्षितिजावर धूर दिसला. शत्रूचं जहाज, आमच्यापासून दूर चाललेलं. दूर चाललेलं, हे मी मुद्दाम दोनदा लिहितो. साहेबांनी हुकूम दिला, मी चाक फिरवलं. पडाव मागे उघडे राहिले. तेवढ्यात आमच्याच तांड्याच्या मोठ्या जहाजाचा दिवा लुकलुकला. माधवने वाचला, मोठ्याने सांगितला. पाठलाग करू नका, पडावांजवळ राहा, त्याला धरायला मोठी जहाजं येत आहेत. साहेब म्हणाले, तू चुकीचं वाचलंस. माधव म्हणाला, नाही. साहेबांनी दुर्बीण डोळ्याला लावली आणि मला म्हणाले, सरळ चल.

मी सरळ चाललो.

ते जहाज आमच्यापेक्षा तिप्पट. आम्ही जवळ गेलो तेव्हा ते वळलं. पुढचं सगळं अर्ध्या तासाच्या आत झालं. पहिला गोळा पाण्यात पडला, दुसरा माधव उभा होता तिथे. दुपारी ती मोठी जहाजं आली, आणि शत्रूच्या जहाजाने त्यांना पाहून गोळी न झाडता निशाण उतरवलं. म्हणजे आमची लढाई कशासाठीच नव्हती.

चौकशीत तीन साहेब मेजामागे बसले होते. दुभाष्याने विचारलं, सिग्नलवाला काही बोलला का? आमचे कप्तानसाहेब खिडकीजवळ उभे होते, हात गळ्यात बांधलेला. माझ्याकडे बघत नव्हते. मी म्हटलं, "माझं लक्ष होकायंत्रावर होतं."

खोटं नाही म्हणता येणार. पण मेलेल्या माणसाला त्या वाक्याने मी दुसऱ्यांदा मारलं.

"का हुआ, भइया?" सुक्खूने विचारलं. मी वल्हं कधी थांबवलं ते मला कळलं नव्हतं. वल्हवत वल्हवत आम्ही प्रवाहाविरुद्ध मणिकर्णिकेच्या स्मशानापर्यंत वर आलो होतो. धूर आमच्या अंगावर येत होता.

संथा

मी परत गेलो तेव्हा मुलं संथा संपवून नुकतीच उठली होती. गुरुजी एकटेच आसनावर, काकू आतल्या उंबऱ्यावर गहू निवडत, यमू त्यांच्या मागे. मी ओसरीवरून बोलायला लागलो आणि थांबता आलं नाही. वर लिहिलं ते सगळं सांगितलं. होकायंत्राचं वाक्यही.

पहिल्यांदा काकू बोलल्या. सूप खाली ठेवलं.

"दीड वर्ष?"

"हो, काकू."

"दीड वर्ष हा माणूस रोज पहाटे पाण्यात उभा राहून माझ्या मुलाला सोडून बाकीच्यांना पाणी देतो. आणि तू तिकडे गप्प. नारळ घेऊन आलास होय रे? नारळ?"

यमूने "आई" म्हणून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी तो झटकला.

गुरुजी म्हणाले, "अर्थ सांगितलास. शब्द सांग."

"अं?"

"माधवाने जे म्हटलं ते. त्याने म्हटलं तसंच. अर्थ नको. ज्या स्वरात म्हटलं त्या स्वरात."

"गुरुजी, इंग्रजी आहे. मला धड येत नाही."

"ह्या मुलांना तरी कुठे अर्थ येतो? कान आहेत ना तुला?"

मी डोळे मिटले. हाताखाली चाक आहे असं धरलं. आणि माझ्या तोंडून आलं ते त्याच्याच आवाजात आलं असावं, कारण आतून यमूचा हुंदका ऐकू आला.

"सिग्नल, सर. डू नॉट चेस. स्टे विथ द बार्जेस. हेवी शिप्स कमिंग."

"मग साहेब?"

"यू हॅव मिसरेड."

"मग माधव?"

"नो, सर. आय हॅव रेड इट ट्वाइस, सर."

गुरुजी पुढे झुकले. "हे शेवटचं. याचा अर्थ काय?"

"नाही साहेब. मी दोनदा वाचलं आहे, साहेब."

गुरुजी आसनावरून उठले, ओसरीच्या कडेला आले आणि माझ्यासमोर जमिनीवर, विद्यार्थी बसतात तसे मांडी घालून बसले. मी घाबरून उठायला लागलो.

"बस. दे."

"काय, गुरुजी?"

"संथा दे. तू एकदा म्हण."

मी म्हटलं. त्यांनी दोनदा म्हटलं. पहिल्यांदा 'ट्वाइस'चा स्वर पडला. त्यांचं त्यांनाच कळलं, त्यांनी स्वतःचा हात वर केला. "पुन्हा." पुन्हा म्हटलं. साठीचा वेदमूर्ती, माझ्यासारख्या खारव्यासमोर बसून, मुलाचं शेवटचं वाक्य पाठ करत होता. चौथ्या खेपेला ते अगदी माधवसारखं आलं. तेव्हा त्यांनी उपरण्याने तोंड झाकलं.

आत काकू गहू निवडायला लागल्या होत्या. एकही खडा त्या बाजूला काढत नव्हत्या.

कागद

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी दौत, टाक आणि कागद माझ्यापुढे ठेवला. म्हणाले, "साहेबांचे उपकार विसरू नकोस. पण लिही. दुसऱ्या कुणाच्या हाताने नको, तुझ्याच." मी मराठीत लिहिलं, तीन कागद फुकट गेले. सरकारला आपण खोटं बोललो असं लिहून द्यायचं. माधव पहाऱ्यावर मला अक्षरं गिरवायला लावायचा आणि म्हणायचा, "भिकू, तुझा 'ळ' अजून उलटा पडतो." त्या कागदावरही एक उलटा पडला. हेडमास्तरांनी इंग्रजी केलं आणि दोन्ही एकत्र टपालात टाकले. त्याला आता चार महिने झाले. उत्तर नाही. येईल असं वाटत नाही. तरी पोस्टमन गल्लीत शिरला की मी दारात येऊन उभा राहतो.

गुरुजींनी त्या तेराजणांची नावं मला विचारली. मी सांगत गेलो, ते मनात धरत गेले. इस्माईलपाशी मी अडखळलो.

"गुरुजी, हा मुसलमान होता. आणि पुढचा किरिस्ताव."

"गोत्र माहीत नसलं की काश्यप म्हणतात. पुढचं नाव सांग."

मणिकर्णिका

देह नसलेल्याची क्रिया मी पहिल्यांदाच बघितली. आमच्या किनाऱ्यावर इतकी माणसं समुद्रात जातात, पण आम्ही किनाऱ्यावरच दिवा सोडतो आणि घरी येतो. इथे पळसाच्या पानांचे देठ मोजून मोजून दर्भाने बांधतात आणि त्याचा माणूस करतात. हात, पाय, छाती, सगळ्याला देठांची ठरलेली संख्या. गुरुजींनी दोन दिवस बसून स्वतः बांधला. कुणाला हात लावू दिला नाही. डोक्याच्या जागी नारळ लागतो.

काकू देवाजवळ गेल्या. सातांपैकी एक उचलला, कानाशी हलवून पाणी वाजवून बघितलं. ठेवला. दुसरा उचलला. चौथा त्यांना पटला. तो त्यांनी गुरुजींच्या हातात दिला आणि जाताना माझ्याकडे बघितलं. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच.

बायका मणिकर्णिकेवर जात नाहीत. म्हणून मी सुक्खूची नाव मागून घेतली आणि काकू आणि यमूला पाण्यातून नेलं. सुक्खू पुढच्या टोकाला, नाळेवर बसला, वल्ही माझ्याकडे. वर घाटावर दहा ठिकाणी धूर, लाकडाच्या राशी, आणि एका चितेपाशी गुरुजी, उघडे, लहान दिसत होते. त्यांनी पेटवलं.

"जवळ ने," काकू म्हणाल्या.

मी नाव वळवली. धूर आला तसा सुक्खू "बस, भइया" म्हणाला, पण काकूंनी मान हलवली. "अजून." मी अजून जवळ नेली. प्रवाह ओढत होता. नाव एका जागी धरून ठेवायला दोन्ही हात लागत होते, आणि मी धरून ठेवली.

देठ लवकर जळून गेले. गवतच ते. नारळ तेवढा बराच वेळ तसाच, काळा पडत गेलेला. मग तो फुटला. पाण्यावरून आवाज आमच्यापर्यंत स्पष्ट आला, आणि त्याच्यातलं पाणी निखाऱ्यावर पडून चर्र झालं तेही ऐकू आलं.

काकूंनी विचारलं, "झालं?"

"झालं, काकू."

त्यांनी वाकून गंगेची ओंजळ भरली, हलकेच परत सोडली आणि ओल्या हाताने तोंड पुसलं.

"चल मग," त्या म्हणाल्या. "सकाळपासून तुझ्या पोटात काही नाही."